रक्त कोठें व कसें तयार होतें

औंढा नागनाथ येथें ज्योतिर्लिंगाच्या दर्शनास जाणारा यात्रेकरू प्रथम मंदिराच्या बाहेरील भिंतींवरचें शिल्पकाम पाहून थक्क होतो, आणि मग त्याला एका अरुंद वाटेनें खालीं उतरावें लागतें. नागनाथ वर सभामंडपांत नाहीं. तो जमिनीखालच्या लहानशा गाभाऱ्यांत आहे. उतरतांना अंग चोरावें लागतें, आणि दर्शन घेऊन त्याच पायऱ्या चढून वर येतांना कोणाचा दम किती हें आपोआप उघड होतें. महाशिवरात्रीच्या यात्रेंत एक देखावा कोणाच्याही नजरेस पडण्यासारखा असतो. बरोबरचीं माणसें वर येऊन मोकळीं होतात आणि एखादी विशी-पंचविशींतली बाई, कडेवर तान्हें मूल असलेली किंवा पुन्हां दिवस गेलेली, अर्ध्या वाटेंत भिंतीला हात लावून थांबते. ऊर धपापतो, कानांत गुणगुण होते, डोळ्यांपुढें अंधारी येते. सोबतची सासू म्हणते, "उपास बाधला असेल." शेजारीण म्हणते, "बाईच्या जातीला अशक्तपणा असायचाच." त्या बाईच्या डोळ्याची खालची पापणी कोणीं किंचित् ओढून पाहिली, तर तांबडी असावयाची आंतली बाजू पांढुरकी दिसेल.

शेजारणीचें तें वाक्य महाराष्ट्रांत घरोघर बोललें जातें, आणि त्याच्याइतकें घातक वाक्य क्वचितच दुसरें सांपडेल. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पंधरा ते एकोणपन्नास वर्षें वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं शेंकडा ५७, आणि महाराष्ट्रांतील स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ पंडुरोगी आढळल्या. निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या वांट्यास जें येतें तें निसर्गानेंच नेमून दिलेलें असावें, असा समज होणें सोपें आहे. रक्त कसें घडतें हें एकदां समजलें म्हणजे मात्र या समजाला कांहीं आधार उरत नाहीं.

रक्त शरीरांत कोठें तयार होतें, या प्रश्नाचें उत्तर मनुष्याला फार उशिरां मिळालें. अन्नाचा रस यकृत् आणि प्लीहा यांच्यांत जाऊन रंगतो व त्याचें रक्त होतें, असें सुश्रुतानें सांगितलें होतें. जन्म घेतलेल्या निरोगी मनुष्याला हें लागू पडत नाहीं. पण गर्भाच्या बाबतींत तें आश्चर्य वाटावें इतकें जुळतें. गर्भाचें अगदीं पहिलें रक्त त्याला लागून असलेल्या एका इवल्याशा पिशवींत तयार होतें, पुढें कांहीं महिने तें काम मुख्यतः यकृत् आणि थोडेंफार प्लीहा करते, आणि गर्भावस्थेचा निम्मा काळ उलटल्यावर तें हळूहळू हाडांच्या पोकळींतील मज्जेकडे जातें. ही मज्जाच रक्ताची जन्मभूमि होय, हें १८६८ सालीं कोनिग्सबर्ग येथील अर्न्स्ट नॉयमन यानें दाखविलें, आणि त्याच वर्षीं इटलींत ज्यूलिओ बित्सोत्सेरो यानेंही तोच निष्कर्ष काढला. हाडासारख्या कठीण, निर्जीव वाटणाऱ्या वस्तूच्या पोटांत रक्तासारखी चंचल वस्तु जन्म घेते, ही गोष्ट पुष्कळांना तेव्हां पटली नाहीं.

लहान मुलाच्या जवळजवळ सर्वच हाडांत तांबडी मज्जा असते. वय वाढतें तसतशी हातापायांच्या लांब हाडांतील मज्जा पिवळी पडून चरबीनें भरते, आणि मोठेपणीं रक्तनिर्मितीचें काम पाठीचे मणके, छातीचें मधलें हाड, बरगड्या, कंबरेचीं हाडें, कवटी आणि मांडी व दंड यांच्या हाडांचीं वरचीं टोंकें एवढ्यांवर येऊन पडतें. कामाचा पसारा मात्र डोळे दिपविणारा आहे. प्रौढ मनुष्याच्या शरीरांत सुमारें पांच लिटर रक्त असतें. त्याच्या एका घन मिलिमीटर थेंबुकल्यांत, म्हणजे मोहरीच्या लहान दाण्याएवढ्या जागेंत, पन्नास लक्षांच्या आसपास तांबड्या पेशी मावतात. एका तांबड्या पेशीचें आयुष्य सुमारें १२० दिवसांचें. जितक्या मरतात तितक्या नव्या घडल्या पाहिजेत. म्हणून मज्जेला दर सेकंदाला सुमारें वीस लक्ष नव्या तांबड्या पेशी रक्तांत सोडाव्या लागतात. "नागनाथ" हा शब्द उच्चारण्यास जेवढा वेळ लागतो तेवढ्यांत हा हिशेब पुरा होतो, आणि झोपेंतही त्यांत खंड पडत नाहीं.

तांबड्या पेशींखेरीज रोगजंतूंशीं लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि जखमेचें तोंड बुजविणाऱ्या रक्तबिंबिका याही तेथेंच घडतात. या सर्वांचें मूळ एकच आहे. १९६१ सालीं कॅनडांतील टोरांटो येथें टिल आणि मॅक्‌कुलॉक या दोघांनीं उंदरांची मज्जा किरणांनीं मारून त्यांना दुसऱ्या उंदरांच्या मज्जेंतील पेशी टोंचल्या. कांहीं दिवसांनीं त्या उंदरांच्या प्लीहेवर लहान लहान गांठी उठल्या. प्रत्येक गांठ एकाच पेशीची संतति होती, आणि एकाच गांठींत निरनिराळ्या जातींच्या रक्तपेशी घडत होत्या. अशा मूळपेशीचा गुण दुहेरी असतो. ती आपल्यासारखी दुसरी पेशी निर्माण करून बियाणें कायम राखते, आणि दुसऱ्या बाजूनें अशी संतति सोडते कीं जी पायरीपायरीनें आपला व्यवसाय ठरवीत जाते. तांबड्या पेशीची वाट धरलेली पेशी हिमोग्लोबिननें भरत जाते आणि शेवटीं आपलें केंद्रच बाहेर टाकून देते. केंद्र गेलें म्हणजे वाढ आणि दुरुस्ती यांची सोय संपली. पुढचे चार महिने तिनें प्राणवायूचें ओझें वाहावें आणि झिजून जावें.

इतक्या मोठ्या कारखान्याला मागणी कळते कशी? १९०६ सालीं पॅरिसमध्यें पॉल कार्नो आणि क्लोटिल्ड देफ्लांद्र यांनीं सशांचें रक्त काढलें आणि रक्तस्रावानंतर त्यांच्या रक्तांतील पाणी दुसऱ्या सशांना टोंचलें. या दुसऱ्या सशांचें रक्त कांहीं गेलेलें नव्हतें, तरी त्यांच्या तांबड्या पेशी वाढल्या. म्हणजे रक्त कमी पडलें कीं शरीर मज्जेला एक रासायनिक निरोप धाडतें. हा प्रयोग इतरांना नीट साधेना, म्हणून पन्नास वर्षें त्यावर वाद चालला. १९५७ मध्यें निरोपाचें उगमस्थान मूत्रपिंडांत असल्याचें दिसून आलें, आणि १९७७ मध्यें शिकागो येथें जपानी पंडुरोग्यांच्या सुमारें २५५० लिटर मूत्रांतून कांहीं मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य वेगळें करण्यांत आलें. त्याला एरिथ्रोपोएटिन म्हणतात. मूत्रपिंड येथें प्राणवायूचा पहारेकरी असतो. प्राणवायू कमी पडला कीं तो हा निरोप वाढवितो. उंच पहाडावर राहणाऱ्यांचें रक्त दाट असतें तें यामुळें, आणि मूत्रपिंडें निकामी झालेला रोगी फिकट पडतो तोही यामुळेंच. पेशींना प्राणवायूची उणीव कशी जाणवते हें शोधून काढणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

कारखान्याचा नाशही होऊं शकतो. १९४५ च्या ऑगस्टांत हिरोशिमा येथें स्फोटाच्या आगींतून वांचलेलीं पुष्कळ माणसें दोन-तीन आठवड्यांनीं अंगावर जांभळे डाग पडून, हिरड्यांतून रक्त वाहून, तापानें दगावलीं. रक्तबिंबिकांचें आयुष्य सात ते दहा दिवसांचें आणि बहुतेक पांढऱ्या पेशींचें रक्तांतील वास्तव्य त्याहूनही थोडें. मज्जा किरणांनीं जळाल्यावर जुना सांठा संपण्यास लागला तेवढाच तो अवकाश होता. बेंझीनची वाफ, शिसें, कांहीं औषधें हींही मज्जेला इजा करूं शकतात. उलट मज्जेंतील एखाद्या पेशीचें भान सुटून ती अपक्व पांढऱ्या पेशींचें रान माजवूं लागली, म्हणजे तो रक्ताचा कर्करोग. अशा वेळीं रोगट मज्जा मारून दुसऱ्याची निरोगी मज्जा देण्याचा उपाय आतां रूढ झाला आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांत १९८३ च्या मार्चमध्यें नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाची मज्जा देण्यांत आली. भारतांतील या प्रकारचा तो पहिला यशस्वी उपचार होय.

औंढ्याच्या पायऱ्यांवर थांबलेल्या बाईचें दुखणें मात्र इतकें दुर्मिळ नसतें. तिची मज्जा जिवंत असते, मूत्रपिंडाचा निरोपही मोठमोठ्यानें येत असतो; माल मिळत नाहीं म्हणून काम अडलेलें असतें. बहुधा हा माल म्हणजे लोह. जुन्या वैद्यांनीं पांडुरोगावर मंडूर, म्हणजे लोखंडाचा जुना कीट, योजला तो उगीच नव्हे. पण लोहाखेरीज आणखी एका वस्तूची मज्जेला गरज असते, आणि ती वस्तु जगाला ज्या स्त्रियांमुळें कळली त्या मुंबईच्या गरीब वस्तींतील गर्भवती होत्या.

लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टरीण १९२८ सालीं मुंबईस आली. परळ येथें जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें हाफकिन संस्था आहे. तेथें बाळंतपणांतील मृत्यूंची चौकशी चालली होती. त्या चौकशींत एक भयंकर प्रकार वारंवार पुढें येई. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत कांहीं स्त्रियांचें रक्त इतकें झपाट्यानें उतरे कीं आई आणि मूल दोघेंही जात. लोहाच्या उणिवेंत तांबड्या पेशी लहान आणि फिक्या होतात. येथें त्या संख्येनें थोड्या, पण आकारानें मोठ्या होत्या. असें चित्र ज्याला त्या काळीं घातक पंडुरोग म्हणत त्यांतही दिसे, आणि त्या रोगावर यकृत् खाऊं घालण्याचा उपाय अमेरिकेंत मायनॉट व मर्फी यांनीं १९२६ मध्यें प्रसिद्ध केला होता. मुंबईच्या रोगांत मात्र कांहीं तरी निराळें होतें.

विल्सबाईंनीं प्रथम रोगजंतूंचा संशय तपासला व तो निकालांत काढला. मग त्या आहाराकडे वळल्या. एम. एम. मेहता आणि एस. एन. तळपदे हे त्यांचे मुंबईचे सहकारी. तळपदे यांच्यासह त्यांनीं शहरांतील निरनिराळ्या थरांतील स्त्रियांच्या जेवणाची व राहणीची पाहणी करून ती १९३० मध्यें प्रसिद्ध केली. स्वयंपाकघरांतील डबे आणि ताटें पाहून रोगाचा माग काढणें हें काम प्रयोगशाळेंतील कामाहून कमी प्रतीचें समजण्याची चाल विद्वानांत आहे. या प्रकरणीं तरी वाट तेथूनच सांपडली. सर्वांत निकृष्ट आहार गरीब मुसलमान स्त्रियांचा होता आणि हा रोगही त्यांच्यांतच अधिक होता.

पुढें त्यांनीं त्या स्त्रियांच्यासारखें अन्न उंदरांना घातलें. उंदीर पंडुरोगी झाले आणि यीस्ट दिल्यावर सुधारले. विजय झाला असें वाटलें. पण उंदरांच्या अंगावरील उवांतून पसरणारा एक जंतूच त्यांच्या पंडुरोगाच्या मुळाशीं होता, असें मागाहून निघालें. दुसरा एखादा संशोधक येथें खचला असता. विल्सबाईंनीं माकडांवर प्रयोग सुरू केले. निकृष्ट आहारावर ठेवलेल्या माकडांत मुंबईच्या स्त्रियांसारखाच मोठ्या पेशींचा पंडुरोग उत्पन्न झाला, आणि तो मार्माइट दिल्यानें बरा झाला. मार्माइट म्हणजे बिअर तयार करतांना उरणाऱ्या यीस्टचा काळसर, खारट अर्क. विलायतेंत तो पावाला लावून खातात. तो स्वस्त होता आणि यकृत् न खाणाऱ्या रोग्यालाही देतां येत होता. गर्भवतींना तो दिल्यावर मृत्यूच्या दारीं बसलेल्या स्त्रियांचें रक्त थोड्याच दिवसांत चढूं लागलें. १९३१ मध्यें हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें प्रसिद्ध झाले. घातक पंडुरोग बरा करणारा यकृताचा शुद्ध अर्क मात्र या रोगावर चालेना, कच्चा अर्क चाले. म्हणजे हें द्रव्य निराळें. तें वेगळें काढतां आलेलें नव्हतें, म्हणून वैद्यक जगानें त्याला विल्सबाईंचेंच नांव दिलें.

त्या द्रव्याचें खरें नांव दहा वर्षांनीं ठरलें. अमेरिकेंतील टेक्सस विद्यापीठांत १९४१ मध्यें चार टन पालक पिळून एक द्रव्य काढण्यांत आलें. लॅटिनमध्यें पानाला फोलियम म्हणतात. त्यावरून तें फॉलिक आम्ल झालें. आंध्रांतील भीमवरम येथें जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव हे न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली प्रयोगशाळेंत संशोधन चालवीत होते. त्यांच्या पथकानें १९४५ मध्यें तें कृत्रिम रीतीनें तयार केलें. आतां त्याचें कार्यही उलगडलें आहे. पेशीचे दोन भाग होण्यापूर्वीं तिच्या केंद्रांतील आनुवंशिक सूत्राची दुसरी प्रत तयार व्हावी लागते, आणि त्या प्रतीचा एक घटक फॉलिक आम्लावांचून घडत नाहीं. तें नसलें म्हणजे पेशी फुगत जाते, पण दुभंगत नाहीं. मज्जेंत अशा अवजड, अर्धवट पेशींची दाटी होते आणि पुष्कळशा तेथेंच मरतात. गर्भवतीच्या पोटांत दुसरा जीव अहोरात्र दुभंगणाऱ्या पेशींनींच वाढत असतो. तिची गरज दुप्पट झालेली असते, आणि तिचें ताट मात्र बहुधा घरांतील सर्वांच्या मागून वाढलें जातें.

या ज्ञानाची दुसरी बाजूही लवकरच उपयोगीं पडली. जें द्रव्य पेशींना दुभंगूं देतें त्याचा सोंगाड्या भाऊ दिला, तर माजलेल्या पेशी अडतील काय? सुब्बारावांच्या प्रयोगशाळेनें असा भाऊ तयार केला आणि बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनीं तो रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिला. १९४८ मध्यें त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतांत सोळा मुलांपैकीं दहांना कांहीं काळ उतार पडल्याचें नमूद आहे. तो उतार टिकला नाहीं, पण या असाध्य रोगानें औषधाला वश होण्याची ती पहिली वेळ होती. सुब्बाराव त्याच वर्षीं ऑगस्टांत वारले. या औषधाचें सुधारलेलें रूप, मेथोट्रेक्सेट, आजही देण्यांत येतें.

फॉलिक आम्ल स्वस्त आणि सुलभ झाल्यावर एक धोकाही दिसून आला. १९४८ सालींच घातक पंडुरोगावरचें खरें द्रव्य, बी-१२ जीवनसत्त्व, हातीं आलें. तें वनस्पतींत नसतें. दूध, दहीं, अंडीं, मासे, मांस यांतूनच मिळतें. घातक पंडुरोगांत तें आहारांत असूनही जठरांतील दोषामुळें अंगीं लागत नाहीं. दूधही जेमतेम मिळणाऱ्या शाकाहारी मनुष्याला तें मुळांतच कमी पडतें. पेशी मोठ्या होण्याचा प्रकार त्याच्या उणिवेंतही तसाच घडतो. अशा रोग्याला केवळ फॉलिक आम्ल दिलें, तर रक्त सुधारल्यासारखें दिसतें, पण आंत मज्जातंतूंची झीज चालूच राहते. पायांना मुंग्या येतात, चाल डळमळते, आणि फार उशीर झाला तर ती झीज भरून निघत नाहीं. म्हणून पंडुरोग कोणत्या जातीचा आहे हें रक्त तपासून ठरविणें अगत्याचें. विदर्भांत आणि नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकल सेल रोगांत तर मालाची उणीव मूळ कारण नसतेच. हिमोग्लोबिनच्या जन्मजात दोषामुळें पेशी विळ्यासारख्या वांकतात आणि दहा-वीस दिवसांतच मरतात. ही तूट भरून काढण्यास मज्जेला अखंड धांवावें लागतें, म्हणून या रोग्यांनाही डॉक्टर फॉलिक आम्ल देतात.

हिंगोली जिल्ह्याच्या मातींत अन्नाचें दारिद्र्य नाहीं. ज्वारी, तूर, हरभरा, मूग होतात. पावसाळ्यांत बांधावर तांदुळजा, घोळ, अंबाडी उगवते. पालेभाज्यांत आणि डाळींत फॉलिक आम्ल असतें, पण तें उष्णतेनें नासतें आणि पाण्यांत उतरतें. भाजी फार वेळ उकडून तिचें पाणी फेंकून दिलें, कीं मोलाचा भाग मोरींत गेला. उन्हाळ्यांत पाला मिळेनासा होतो, आणि वरण पातळ होत होत त्यांत डाळीचा रंगच तेवढा उरतो. तेंही घरांतील करत्या पुरुषांना आणि मुलांना वाढून झाल्यावर जें राहील तें हळदीच्या शेतांत दिवसभर राबलेल्या सुनेच्या वांट्यास येतें.

अशा वेळीं सरकारी दवाखान्यांतून मिळणाऱ्या लाल गोळ्या उपयोगीं पडतात. २०१८ सालीं सुरू झालेल्या ॲनिमिया मुक्त भारत या योजनेंतील गर्भवतीसाठीं असलेल्या गोळींत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतें. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशी ती निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हां १८० दिवस घ्यावयाची असते. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच मज्जा नव्या पेशी वेगानें सोडूं लागते आणि बाईला हुशारी वाटूं लागते. पुष्कळ जणी तेथेंच गोळ्या बंद करतात. पण रक्त भरून आल्यावरही यकृतांत आणि मज्जेंत लोहाचा सांठा व्हावयाचा राहिलेला असतो, आणि तो होण्यास महिने लागतात. गोळीवर लगेच चहा घेतला तर लोह अंगीं लागत नाहीं. त्याऐवजीं लिंबू पिळलेलें पाणी किंवा आवळा घ्यावा. गोळीनें पोटांत मळमळत असेल तर ती रात्रीं निजतांना घेतली तरी चालते. कांहीं बायका शौचाचा रंग काळा झालेला पाहून भितात आणि गोळ्या उकिरड्यावर टाकतात. तो रंग अंगीं न लागलेल्या लोहाचा असतो.